पुसून उरलेला नंबर

खडकवस्तीच्या विहिरीत मोटारीचा मिस्त्री गेला, असा फोन आला तेव्हा ठाण्यातला पंखा नुकताच फिरायला लागला होता. दुरुस्तीसाठी सकाळपासून सगळीकडची लाईट बंद होती. संध्याकाळशिवाय येणार नाही असं सांगितलं होतं, आणि माणसं त्या भरवशावर होती. ती दुपारीच आली.

फौजदार क्रांती जगताप पोचली तेव्हा मुजीब शिकलगारला विहिरीच्या काठावर लिंबाखाली ठेवलं होतं. दहिवडीत त्याचं जळालेल्या मोटारी तारेनं पुन्हा भरायचं दुकान. माण तालुक्यातल्या अर्ध्या विहिरींच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. धाकटा भाऊ इलाही त्याच्याबरोबरच काम करायचा. तो लांब, स्टार्टरच्या पेटीखाली उकिडवा बसला होता. रडत नव्हता, कुणाकडे बघतही नव्हता.

झालं ते सरळ होतं. गुंडा मानेच्या पाणबुडी मोटारीच्या वायरचा जोड खराब झाला होता. लाईट नाही म्हणून मुजीब निर्धास्तपणे पाण्यात उतरला. लाईटच नाही तर मेन स्विच कशाला पाडायचा, असं इकडे सगळेच म्हणतात, तसं त्यानंही म्हटलं. मग लाईट आली, मोटार सुरू झाली आणि उघड्या जोडातून करंट पाण्यात उतरला.

पण लाईट आली म्हणून मोटार आपोआप सुरू होत नाही. खोच तिथं होती. हल्ली विहिरीवर जाऊन बटण दाबायला कुणाला सवड नसते. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. पेटीत ज्यांचे नंबर भरलेत त्यांनी कुठूनही मिस कॉल दिला की मोटार सुरू. निम्मं माण मुंबईत राहतं आणि तिथून रान भिजवतं. म्हणजे मुजीब पाण्यात असताना मोटार घातली, सुरू केली, ती कुणाच्या तरी मिस कॉलनं, नाहीतर पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बोटानं. पेटीपाशी इलाही होता.

क्रांतीनं गुंडाला बाजूला घेतलं.

"मोटार सुरू झाली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"हितंच की, काठावर. मुजीबचा दोर धरून."

"इलाहीनं बटण दाबलेलं बघितलं?"

"न्हाई. माजी पाठ हुती. मोटार घुरकली, मुजीब वरडला, इलाहीनं मेन पाडला. आमी त्याला वर वडला, पर तवर समदं संपल्यालं."

"मग?"

गुंडा घुटमळला. "एक गोष्ट मला गिळंना झालीया मॅडम. आमी मुजीबची छाती चोळतोय, आन हे बेणं परत पेटीकडं गेलं. मेन वर केला. मी वरडलो, इलाही, काय करतोस रं? तवा दचकून त्यानं खाली पाडला."

"पुन्हा वर केला? कशाला?"

"तेच म्हंतो मी. आन तवापास्नं पेटी माजा फोन बी वळखंना."

इलाहीला तिनं विचारलं. बटण दाबलं नाही, एवढं तो म्हणाला. मेन परत वर का केला, यावर गप्प. त्यानंतर तो गप्पच राहिला. क्रांतीला गप्प बसणाऱ्या माणसांचा मनापासून राग यायचा. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं.

पेटीवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर शेवटचा फोन कुणाचा ते दिसतं. ती कोरी होती. एका जाणकारानं पेटी तपासली आणि आत काही नाही, सगळं पुसलंय, असं सांगितलं. सिमकार्डाच्या कंपनीकडे विचारणा गेली. न उचललेल्या फोनांची माहिती मागवायला वरची परवानगी लागत होती, आणि वर गेलेला कागद खाली यायचं नाव घेत नव्हता.

दहिवडीत बोलायला लोकांना मसाला मिळाला. दुकान वाटून घेण्यावरून दोघा भावांचं वाजलं होतं, हे खरंच होतं. भावानंच भावाला घालवलं आणि पेटी पुसली, असं चहाच्या गाड्यावर ठरूनही गेलं. क्रांतीच्या वरिष्ठांचंही मत फार वेगळं नव्हतं. खुनाचं कलम लावा आणि मोकळ्या व्हा, असं ते म्हणाले. इलाही कोठडीत होता.

आणि व्हरांड्यातल्या बाकावर रोज येऊन बसायची ती अख्तरबी. दोघांची आई. तक्रार तिचीच. तक्रारीवर फोन नंबर घालायची वेळ आली तेव्हा तिनं मुजीबचा सांगितला, कारण तोच तिला पाठ होता. मेलेल्या पोराचा नंबर खोडून टाका म्हणायचं क्रांतीच्या जिवावर आलं.

"मोटार कुणी घातली तेवढं सांगा," अख्तरबी रोज म्हणायची. "इलाहीनं घातली असंल तर इलाहीला बी सोडू नका. पर मला कळू द्या."

त्या दिवसाचं तिचं सांगणं क्रांतीनं दोनदा ऐकलं होतं. तिनं दालचा केला होता. मुजीब जेवायला येणार की डबा पाठवायचा, हे विचारायचं होतं. फोनची बॅटरी संपलेली. लाईट आल्या आल्या तिनं फोन लावला. फोन मुजीबचाच जुना, त्यानं नवा घेतल्यावर सिमकार्डासकट आईकडे आलेला. थोरल्याची कापडं धाकट्याला यावीत तसे इकडे घराघरांत फोन उतरत येतात, फक्त उलट्या दिशेनं.

"मुजीबचा लागंना," ती म्हणाली होती. "म्हणून गुंडाला लावला, त्याच्याच हिरीवर गेल्ता न्हवं. तर त्यानं कापला. आमचा फोन कशाला घेत्यात मोठी माणसं."

मुजीबचा लागणार नव्हताच. तो फोन त्याच्या खिशातून त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता. पण गुंडा शपथेवर सांगत होता की म्हातारीचा फोन आलाच नाही. त्याचा फोन क्रांतीनं स्वतः चाळला. नव्हता. गुंडा काहीतरी पुसतोय, असं तिला वाटलं आणि तिनं त्याच्यावर डोळा ठेवला.

त्याहून जास्त संशय तिला उदयसिंहचा होता. गुंडाचा हा चुलतभाऊ सुभेदार होऊन निवृत्त झालेला आणि सांगलीत घर करून राहिलेला. विहिरीत त्याचा निम्मा हिस्सा. पाण्याची पाळी गुंडाची असली तरी हा सांगलीतून मिस कॉल देऊन आपलं रान भिजवून घ्यायचा, त्यावरून दोघांचा अबोला होता. क्रांती सांगलीला गेली. उदयसिंहनं तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

"त्या दुपारी तुम्ही मोटार घातली?"

"नाही. लाईट नाही हे मला माहीत होतं. आल्याचं माहीत नव्हतं."

"पेटीत कुणाकुणाचे नंबर होते?"

"गुंडाचा, माझा. आणि मुजीबचा. पेटी बसवताना मिस्त्री पहिला नंबर आपलाच घालतो. कुठं बिघडलं तर घरबसल्या बघता येतं. सगळ्याच विहिरींवर तसं असतं."

मुजीबच्या नंबरवरून त्या दिवशी कुणालाच फोन गेलेला नव्हता. तो तर पाण्यात होता. उदयसिंहचा फोनही स्वच्छ होता, पण यादीतला एखादा फोन पुसायला काय लागतं? क्रांती आली तशी परत फिरली. तिला वाटलं, हे प्रकरण आपल्या हातून जाणार आणि एक पोरगा उगाच आत सडणार. हे वाटणं खोटं आहे असं म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून तिनं पेटी घेतली आणि साताऱ्याला, औद्योगिक वसाहतीत, ती बनवणाऱ्या कारखान्यात गेली. पेटीच्या आतला प्रोग्राम लिहिणारी मुलगी पुढं आली. आयेशा मुजावर. पेटी एका विहिरीवरच्या मृत्यूतली आहे म्हटल्यावर तिनं हातातला चहा ठेवून दिला.

"पुसलीय असं म्हणतात," क्रांती म्हणाली.

"कशी पुसली? नंबरसुद्धा गेलेत?"

"पेटी आता कुणालाच ओळखत नाही."

"मग बटणानं पुसलीय, पेटीसमोर उभं राहून." आयेशानं पेटीचं झाकण काढलं. "लाल बटण दाबून धरायचं आणि मेन चालू करायचा. पेटी जागी होताना आधी एक छोटा प्रोग्राम उठतो, बूटलोडर. तो बटण दाबलेलं बघतो आणि मेमरीचे दोन भाग पुसतो. एकात नंबर असतात, दुसऱ्यात कुणी कधी फोन केला ते."

"हे कुणालाही येतं?"

"मिस्त्री लोकांना येतं. त्यांनाच आम्ही शिकवतो."

म्हणजे मेन पुन्हा वर का गेला ते उघड झालं. इलाहीनं पेटी पुसली. भाऊ लिंबाखाली पडलेला असताना. क्रांतीला वाईट वाटलं. तो निर्दोष असावा असं तिला मनातून वाटत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

"पुसलेलं परत मिळत नाही ना?"

"नीट पुसलं असेल तर नाही." आयेशानं पेटीला वायर जोडली. मग थोडी अवघडून म्हणाली, "पण ही पेटी जुनी आहे. ह्या मेमरीत एकेक अक्षर खोडता येत नाही, अख्खा ठोकळा पुसावा लागतो, आणि एका भागात असे खूप ठोकळे असतात. आमचा जुना बूटलोडर एकेका ठोकळ्याला पूस म्हणतो आणि पुढं जातो. खरंच पुसलं गेलं का ते वाचून बघत नाही. मधेच मेन पडला, तर राहिलेलं काम पुढच्या वेळी आठवत नाही."

"मग पुसून झालं हे मिस्त्रीला कळतं कसं?"

"पेटीवर दिवा आहे. पुसायला सुरुवात झाली की लुकलुकतो. झाल्यावर लुकलुकायला हवा होता. ती आमची चूक."

गुंडा ओरडला होता आणि इलाहीनं दचकून मेन पाडला होता. क्रांती स्क्रीनकडे सरकली.

कुठला फोन शेवटचा हे सांगणारा अनुक्रमाचा ठोकळा आधी पुसला गेला होता, म्हणून पट्टी कोरी दिसत होती. नंबरांचा भाग गेलेला. फोनांचा भाग बहुतेक गेलेला. अगदी शेवटच्या ठोकळ्यांपर्यंत पोचायच्या आत मेन पडला होता, आणि नेमका शेवटचा फोन तिथं बसला होता. त्या दिवसाचा, लाईट आल्यानंतर लगेचचा. म्हणजे मोटार बटणानं नव्हे, फोननं सुरू झाली होती.

"नव्या बूटलोडरमध्ये हे सापडलं नसतं," आयेशा म्हणाली. तो तिनंच लिहिला होता. "त्यात पुसायला घेतलं अशी खूण आधी होते. प्रत्येक ठोकळा पुसून परत वाचला जातो, काही उरलं तर पुन्हा पुसला जातो. सगळं कोरं झाल्यावरच खूण जाते. मधे लाईट गेली तर आल्यावर तिथूनच पुढं."

क्रांती नंबर बघत होती. तो गुंडाचा नव्हता, उदयसिंहचा नव्हता, तक्रारीवर लिहिलेला मुजीबचाही नव्हता. तिनं तो तिथंच लावला.

दोन वेळा वाजला. मग ओळखीचा आवाज आला.

"हॅलो? मुजीबची आई बोलतीया. कोण हाय?"

क्रांतीनं फोन कापला.

मग तिनं आयेशाला विचारलं, "पेटीला फोन आला की पेटी नेमकं काय करते?"

"उचलत नाही. एकदा वाजू देते, नंबर ओळखीचा असला तर कापते आणि मोटार सुरू करते." आयेशानं तिच्याकडे बघितलं. "का हो मॅडम?"

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं पुसेगावात चहाला गाडी थांबवली, पण क्रांती उतरली नाही.

ठाण्यात आल्यावर तिनं इलाहीला आपल्या खोलीत आणवलं आणि दार लोटलं.

"मी बोलते," ती म्हणाली. "चुकलं तिथं सांग. तू मोटार घातली नाहीस. पेटीत शेवटचा फोन होता, तो तुझ्या सुटकेचा एकुलता एक पुरावा होता. आणि तो पुसायला तू भावाचं प्रेत सोडून उठलास. माणूस आपलाच साक्षीदार कधी मारतो इलाही? तो साक्षीदार कुणाचं नाव घेणार हे कळलं की. गुंडाला वाचवायला तू हे केलं नसतंस, उदयसिंहला तर नाहीच."

क्रांतीनं पेटी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"पेटी बसवताना मुजीबनं पहिला नंबर आपला घातला. तो त्याचा तेव्हाचा नंबर. पुढं त्यानं नवं कार्ड घेतलं आणि जुनं, फोनसकट, आईला दिलं. पेटीतून तो नंबर काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पेटीचं कार्ड गुंडाच्या नावावर होतं, म्हणून फोनमध्ये त्यानं पेटीच्या नंबरला नाव दिलं गुंडा. लाईट आली. तिकडं अम्मीचा फोन सुरू झाला, इकडं पेटी जागी झाली. मुजीबचा लागेना म्हणून तिनं गुंडा काढून लावला. तिला वाटलं गुंडानं कापला."

"पट्टीवर नंबर दिसला," इलाही म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मेन पाडाय गेलो तवाच दिसला. भावाचा जुना नंबर, मला काय पाठ न्हाई व्हय? वाटलं, आता समदी पेटीपाशी येतील आन बघतील. दिवा लुकलुकला, म्हटलं पुसलं."

"मला सांगायचं होतंस."

"तुमी लिवलं असतं."

क्रांतीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"माज्या नावावर लिवा मॅडम," तो म्हणाला. "बटण मी दाबलं म्हणा. भाऊ उतरायच्या आदी मेन मी पाडायचा हुता, मी पाडला न्हाई, त्ये तर खरंच हाय. जातो मी आत."

"आणि तिनं काय समजायचं? एका पोरानं दुसऱ्याला मारलं?"

"चालंल. माज्यावर रागावून जगंल ती. सोतावर रागावून न्हाई जगायची."

क्रांतीनं त्याला समजावलं. यात गुन्हा कुणाचाच नाही, नकळत लावलेल्या फोनसाठी कायदा अख्तरबीला हात लावणार नाही. शिवाय कंपनीचं उत्तर आज ना उद्या येईल, त्यात हाच नंबर असेल, आणि तो उघड्या कोर्टात, परक्या माणसांसमोर वाचला जाईल. तक्रारदार म्हणून ती पुढच्याच बाकावर असेल. इलाही सगळं ऐकत होता. कायद्याचं त्याला काही घेणं नव्हतं. क्रांती बोलत असताना तो सारखा दाराकडे बघत होता.

ती दार उघडून बाहेर आली. अख्तरबी बाकावरून उठली. गाडी आलेली तिनं बघितली होती.

"घावला का कोण?"

क्रांतीच्या मागून इलाही बाहेर आला. शिपायानं त्याला अडवायला हात पुढं केला, पण तो थांबला नाही. आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"अम्मी, मीच घातली मोटार," तो म्हणाला. "मीच हाय."

अख्तरबीनं त्याच्याकडे नीट बघितलं. कोठडीत गेल्यापासून तिनं त्याला एकदाही भेटायला मागितलं नव्हतं. मग ती क्रांतीकडे वळली.

"खरं हाय का ह्ये?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. समोर पोरगा मान खाली घालून हात जोडून उभा होता, आणि ते हात आईसाठी नव्हते, क्रांतीसाठी होते. क्रांतीनं आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं होतं, पण एवढं भलं खोटं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ते चालवून घ्यावं असं तिला फार वाटलं. पण ते चाललं असतं तर ही बाई घरी एकटी गेली असती, आणि तो कागद तरीही एक दिवस खाली आलाच असता.

"नाही," ती म्हणाली. "यानं काही केलं नाही."

अख्तरबी मटकन बाकावर बसली. तिनं इलाहीला हाताला धरून खाली ओढलं, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडायला लागली. मला ठावं हुतं, माजं लेकरू असं करायचं न्हाई, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. लोकांनी काय काय भरवलं, मी बी बया ऐकत बसली, म्हणत होती. त्याच्या केसांवरून तिचा हात फिरत होता. इलाही तिच्या मांडीत तोंड खुपसून पडला होता आणि नको नको अशी मान हलवत होता. तिला वाटलं, तो रडतोय.

थोड्या वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. एक हात पोराच्या डोक्यावर तसाच ठेवून तिनं वर बघितलं.

"मग कोण हुतं, पोरी? आता सांग. आता मी ऐकंन."

क्रांतीनं शिपायाला आत जायला सांगितलं. मग स्टूल ओढून ती अख्तरबीच्या समोर बसली, आणि त्या दिवशी लाईट आली तिथपासून सांगायला लागली.